वजनाचं काळीज

मागच्या अंकात तरफेबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता लिहून गेलो होतो : सतराव्या शतकात एक चिनी अधिकारी आणि एक जर्मन जेझुइट (कॅथलिक पंथाच्या एका धर्मसंघाचा पाद्री) शेजारी शेजारी बसले आणि तरफेचा सिद्धांत त्यांनी चिनी भाषेत उतरवला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. यंत्ररेखाटन शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे या दोघांविषयी लिहिताना हात आखडता घेणं मला जमणार नाही.

प्रश्न : जेझुइटांनी चीनच्या सम्राटाला घड्याळं दिली, एवढंच वाचलेलं आठवतं. पण भेट देणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. त्यांनी यंत्रविद्या खरोखर शिकवली का? कोणी, कोणाला, कशी? (एक निवृत्त ग्रंथपाल)

भेट आणि शिकवणी यांतला फरक तुम्ही नेमका पकडलात. घड्याळापासूनच सुरुवात करतो, कारण तो फरक तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो.

मातेओ रिच्ची हा इटलीतल्या माचेराता गावचा. १५८२ मध्ये तो मकावला उतरला आणि बीजिंगमध्ये मुक्काम ठोकायला त्याला १६०१ चा जानेवारी उजाडला. वानली सम्राटासाठी त्याने नेलेल्या वस्तूंत दोन घड्याळं होती, एक मोठं वजनांवर चालणारं आणि एक लहान, स्प्रिंगचं. चिनी लोकांनी त्यांना नाव दिलं ‘आपोआप वाजणारी घंटा’. मोठं घड्याळ लावलेलं नव्हतं, त्यामुळे ते वाजेना. सम्राटाने विचारणा केली आणि पाद्र्यांना बोलावणं गेलं. घड्याळाची निगा राखायला चार खोजे नेमले आणि त्यांना शिकायला तीन दिवस दिले. रिच्चीने एकेका भागाला चिनी नाव शोधून दिलं, खोज्यांनी ती नावं घोकली. लहान घड्याळ सम्राटाला इतकं आवडलं की आईने ते पाहायला मागितल्यावर तो धास्तावला. तिने ठेवून घेतलं तर? त्याने घंटेची चावी न देताच ते तिच्याकडे पाठवलं. घंटा वाजली नाही, आईचा रस गेला आणि घड्याळ परत आलं. ही हकिगत रिच्चीनेच लिहून ठेवली आहे.

तीन दिवसांत घड्याळ चालवायला शिकता येतं. चाकाला इतकेच दाते का, वजन इतकंच का, हे तीन दिवसांत शिकवता येत नाही. त्यासाठी आधी गणित लागतं. रिच्ची रोममध्ये क्लाव्हियस या मोठ्या गणित्याच्या हाताखाली शिकला होता, म्हणून त्याला हे पक्कं ठाऊक होतं. शांघायचा विद्वान अधिकारी शू ग्वांगची याच्यासोबत बसून त्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. १६०७ मध्ये ते छापून झाले. रीत अशी की रिच्ची तोंडी अर्थ सांगे आणि शू तो लिहून घेई. मग वाचून, खोडून, पुन्हा लिहून तो मजकूर तीनदा तपासला गेला. एकाने तोंडी सांगायचं आणि दुसऱ्याने लेखणी धरायची, ही पद्धत चीनमध्ये नवी नव्हती. कितीतरी शतकं आधी भारतातून आणि मध्य आशियातून गेलेल्या भिक्षूंसोबत बौद्ध सूत्रांची भाषांतरं अशीच झाली होती.

यानंतर यंत्रं आली. १६१२ मध्ये सबातिनो दे उर्सिस या इटालियन जेझुइटाने शू ग्वांगचीच्याच मदतीने पाणी उपसण्याच्या पाश्चात्य साधनांवर पुस्तक काढलं. त्याच्या प्रस्तावनेत शूने एक प्रसंग टिपला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शूने या साधनांविषयी विचारलं तेव्हा दे उर्सिस बराच वेळ नुसता हो-हो करत राहिला. शूला दिसलं की याच्या चेहऱ्यावर विद्या लपवण्याचा भाव नाही, संकोचाचा आहे. धर्म सांगायला इतक्या लांब आलो आणि उद्या लोक आपल्याला गोंगशू आणि मो दी यांच्यासारखे कारागीर समजू लागले तर, ही त्याची भीती होती. गोंगशू आणि मो दी ही चीनच्या परंपरेत कसबी कारागिरांची नावं. म्हणजे देणाराच अडखळत होता आणि घेणारा त्याला बोलतं करत होता. जेझुइट दाते आणि चिनी विद्वान याचक, असं जे चित्र आपण डोक्यात घेऊन फिरतो, ते मला म्हणूनच पटत नाही.

आता तुमच्या ‘कोणी, कोणाला’चं खरं उत्तर.

वांग झेंग. जन्म १५७१, शान्शी प्रांतातल्या जिंगयांगचा. प्रांतिक परीक्षा १५९४ मध्ये पास झाला, पण राजधानीतली वरची परीक्षा त्याला नऊ वेळा हुलकावणी देऊन गेली आणि १६२२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, हाती लागली. मधल्या वर्षांत शेती पाहिली आणि यंत्रं जुळवली. तो ख्रिस्ती झाला होता, फिलिप हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव. आलेनी नावाच्या जेझुइटाने चिनीत लिहिलेल्या भूगोलात त्याने दोन गोष्टी वाचल्या. एका पाश्चात्य डोंगरी शहरात यंत्र रात्रंदिवस नदीचं पाणी वर चढवतं, आणि आर्किमिडीज नावाच्या माणसाने अशी जोडणी केली की प्रचंड जहाज एका हाताने हललं. त्याच्या मनाने घेतलं की हे एकदा डोळ्यांनी पाहायचं.

१६२६ च्या हिवाळ्यात नेमणुकीच्या कामासाठी तो बीजिंगला आला. तिथे लोंगोबार्दो, योहान श्रेक आणि आदाम शाल हे तीन जेझुइट त्याला भेटले. त्याने विचारलं, ती यंत्रं खरी आहेत का? त्यांनी हसून चित्रांची पुस्तकं समोर ठेवली. काही चित्रं वांगला नुसती पाहून उमगली, काही उमगली नाहीत. याचं चिनीत भाषांतर करा, असा त्याने आग्रह धरला.

श्रेकचं उत्तर मला शिक्षक म्हणून आजही लखलखीत वाटतं. त्याचा आशय असा : भाषांतर अवघड नाही. ही कला लहानच आहे, पण आधी मोजमाप आणि संख्या शिकल्याशिवाय ती कळायची नाही. मग वांग झेंग काही दिवस त्याच्याकडे हिशेब आणि मापनाची मूलतत्त्वं शिकला, ढोबळ का होईना ती त्याच्या हाती लागली आणि त्यानंतरच भाषांतराला हात घातला गेला. पंचावन्न वर्षांचा अधिकारी पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. श्रेक बोले, वांग लिही.

श्रेकचीही ओळख हवी. जन्म १५७६, पेशाने वैद्य. पादुआत गॅलिलिओकडे शिकलेला आणि १६११ मध्ये, गॅलिलिओ रोममधल्या लिंचेई या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला त्याच वर्षी, तिथलाच सदस्य झालेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो जेझुइट झाला. १६१८ मध्ये लिस्बनहून निघालेलं त्याचं जहाज गोव्यावरून पुढे गेलं आणि १६१९ मध्ये तो मकावला पोचला. सोबत पुस्तकांचा मोठा साठा होता. वांगपुढे ठेवलेली चित्रं त्यातलीच.

पुस्तकाचं नाव मराठीत आणायचं तर ‘सुदूर पश्चिमेकडच्या विलक्षण यंत्रांची सचित्र माहिती, निवडक’. वांगची प्रस्तावना १६२७ ची आहे आणि पुस्तक छापलं गेलं यांगझोऊला. यातला ‘निवडक’ हा शब्द वांगचा स्वतःचा आहे आणि तो सोडून चालणार नाही. चित्रं शेकड्याने होती. त्याने चाळणी लावली : लोकांच्या रोजच्या गरजेला किंवा राज्याच्या तातडीच्या कामाला जे उपयोगी नाही ते गाळायचं, जे करायला फार कठीण किंवा फार खर्चाचं ते गाळायचं, आणि एकाच कामाची अनेक यंत्रं असतील तर उत्तम तेवढं ठेवायचं. उरली चोपन्न चित्रं. ओझं उचलण्याची अकरा, ओढण्याची चार, फिरवण्याची दोन, पाणी काढण्याची नऊ, जात्यांची पंधरा, लाकूड कापण्याची चार, आग विझवायच्या पाण्याच्या पंपाची चार. शिवाय दगड कापणं, कांडण, फिरतं पुस्तकांचं चाक, पाण्याचं घड्याळ आणि बैलाविना नांगरणी यांचं एकेक. या यादीवरून नजर फिरवली की निवडणारा माणूस दिसतो. एकट्या जात्यांना पंधरा चित्रं! पीठ दळणं हे रोजच्या अन्नाचं काम, म्हणून त्याने तिथे हात सैल सोडला.

प्रश्न : पण चीनमध्ये पाणचक्क्या, भाते, रहाट सगळं आधीच होतं की. मग नवीन काय शिकवलं? (पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

शाब्बास. हा प्रश्न न विचारता पुढे जाणारे फार असतात.

होतंच. पाण्याच्या चाकावर भट्टीचे भाते चालवण्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातली आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सोंग या विद्वान अधिकाऱ्याने कायफेंगला पाण्यावर फिरणारं खगोलघड्याळ मनोऱ्यात बसवलं. शेतात पाणी चढवायला फळ्यांच्या साखळीचा रहाट होता, त्याला ‘ड्रॅगनचा कणा’ म्हणत. दांडीच्या काट्यावर माल तोलणारा प्रत्येक व्यापारी तरफ वापरतच होता. इतकंच काय, मो दीच्या परंपरेतल्या ग्रंथांत तराजू एका बाजूला का झुकतो याची चर्चा इसवी सनापूर्वीच झालेली आहे. पण ती परंपरा पुढे खंडित झाली.

नवीन होतं ते पुस्तकाच्या पहिल्या दोन भागांत, चित्रांच्या आधी. पहिल्या भागात वजन म्हणजे काय यावर एकसष्ट कलमं, दुसऱ्यात साधनांवर ब्याण्णव. एकातून दुसरं निघतं अशी ती रचलेली आहेत. हा मसाला मुख्यतः गुइदोबाल्दो या इटालियन गणित्याच्या १५७७ च्या यंत्रशास्त्रातून आणि स्टेव्हिन या फ्लेमिश गणित्याच्या ग्रंथांतून आलेला.

तुझ्यासाठी त्यातलं एकच उलगडून दाखवतो. सात वीत लांबीची सरळ दांडी घे. एका टोकापासून एक वीत अंतरावर ती टेकवली की दुसऱ्या बाजूला सहा विती उरतात. दांडीचं स्वतःचं वजन क्षणभर बाजूला ठेव. आखूड बाजूला सहा शेर टांग, लांब बाजूला एक शेर. दांडी आडवी राहते. हे व्यापाऱ्याला माहीत होतं. आता कप्पी बघ. वर टांगलेल्या स्थिर कप्पीने जोर वाचत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. पण ओझ्याबरोबर वर जाणारी सरकती कप्पी लावली की निम्म्या जोरात काम होतं. का? गुइदोबाल्दोने दाखवलं की ती कप्पीदेखील तरफच आहे. तिचा एक काठ टेकू, मध्यावर ओझं, दुसऱ्या काठावर आपला हात. मध्य ते काठ एक पट, काठ ते काठ दोन पट. म्हणून निम्मा जोर. आणि म्हणूनच ओझं एक हात वर न्यायला दोर दोन हात ओढावा लागतो. दांडीचा काटा आणि कप्पी या दोन वेगवेगळ्या कारागिरांच्या वस्तू. त्या एकाच नियमाच्या लेकी आहेत हे कळणं, ही नवी गोष्ट. एकदा ते कळलं की न पाहिलेल्या यंत्राचाही हिशेब कागदावर मांडता येतो. वर्गात मी कप्पीवर ती तरफ खडूने काढायचो तेव्हा निदान एका तरी मुलाचा चेहरा उजळायचा. त्या क्षणासाठी मी शिकवत आलो.

वस्तू म्हणूनही एक नवी गोष्ट गेली, ती म्हणजे स्क्रू. चिनी कारागिरांच्या परंपरेत सलग फिरत जाणारा आटा नव्हता. दे उर्सिसच्या पुस्तकात आर्किमिडीजचा पाण्याचा स्क्रू आहे : कललेल्या खांबाभोवती फिरत जाणारा पन्हाळ, बाहेरून बंद. खालचं टोक पाण्यात बुडवून खांब फिरवला की पाणी आपल्या समजुतीने खालीच घरंगळत असतं, आणि घरंगळता घरंगळता वर पोचतं. त्याला चिनी नाव दिलं ‘ड्रॅगनची शेपटी’. ड्रॅगनच्या कण्याशेजारी ड्रॅगनची शेपटी. नाव ऐकताक्षणी शेतकऱ्याला ते आपल्या ओळखीच्या घरातलं वाटलं पाहिजे. शू ग्वांगचीचा शेतीवरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३९ मध्ये छापला गेला, त्यातही ही साधनं घेतलेली आहेत.

प्रश्न : मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गुरुत्वमध्य, आस असे शब्द मुलांना कोरडे वाटतात. चिनी भाषेत हे शब्द त्या वेळी कसे घडवले? (एक शिक्षिका)

बाई, तुमच्या प्रश्नाने माझी एक दुपार अतिशय आनंदात गेली.

गुरुत्वमध्याला श्रेक आणि वांग यांच्या पुस्तकात शब्द आहे ‘चोंगशिन’. चोंग म्हणजे जड, वजन. शिन म्हणजे काळीज. वजनाचं काळीज! दोनच अक्षरं. आजही चिनी मुलं शाळेत हाच शब्द शिकतात. या साऱ्या शास्त्राला त्यांनी ‘वजनाची विद्या’ म्हटलं.

आट्याला त्यांनी दिलेलं नाव त्याहून सुंदर आहे : ‘वेलीची रेषा’. झाडाच्या खोडाला वेल चढत जातो तशी. तुम्ही वर्गात कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड पेन्सिलीवर चढत जाते ती वेलीची रेषा. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला चढ, हे मुलांना कुठलीही व्याख्या न देता दिसेल. वांगने चार शतकांपूर्वी त्या एका नावात नेमकं हेच पाहिलं.

युक्लिडच्या वेळी रिच्ची आणि शू यांनी घेतलेला ‘जिहे’ हा शब्दही पाहा. त्याचा रोजचा अर्थ ‘किती?’ असा आहे. बाजारात विचारायचा प्रश्न. आज चिनीत भूमितीला जिहेच म्हणतात.

माणसांची नावं आणताना मात्र त्यांची तारांबळ झालेली दिसते. स्टेव्हिनचं पहिलं नाव सिमोन, त्याचा झाला ‘शीमन’. यंत्रांच्या चित्रांचं पुस्तक काढणारा इटालियन रामेली झाला ‘लामोली’. ही नुसती उच्चारांची जुळवणी. पण खाणींवर ग्रंथ लिहिणारा आग्रिकोला? त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ शेतकरी, म्हणून चिनीत त्याचं नाव पडलं ‘गेंगत्यान’, शेत नांगरणारा. श्रेकने नाव उच्चारलं असेल, वांगने विचारलं असेल की याचा अर्थ काय. एका हिवाळ्यातलं ते बोलणं मला त्या दोन अक्षरांत ऐकू येतं.

प्रश्न : त्या पुस्तकातली चित्रं चुकीची उतरवली गेली असं ऐकलं. म्हणजे चिनी लोकांना यंत्रं कळलीच नाहीत का? (एक वाचक)

चित्रांत दोष आहेत, हे खरं. काही ठिकाणी दातेरी चाकं एकमेकांत कशी बसतात ते उमगत नाही. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

माझ्या हाताखालच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. कष्टाळू, हात अगदी सफाईदार. त्याला मी झडपेच्या डब्याचा छेद काढून दिला आणि लाकडी नमुना करून आण म्हणालो. छेद म्हणजे वस्तू मधोमध कापली तर आत जे दिसेल ते. आठवड्याने त्याने नमुना आणला, रंधा मारून गुळगुळीत केलेला आणि अर्धाच. त्याने जे पाहिलं ते इमानाने केलं होतं. ‘इथे कापलेलं आहे असं मनात धरायचं’ हा करार मी त्याला सांगितलाच नव्हता. चूक माझी होती. ते अर्धं लाकूड मी कितीतरी वर्षं टेबलावर ठेवलं.

युरोपातल्या त्या चित्रांत असेच किती तरी करार भरलेले होते. भिंत मध्येच फोडून आतली चाकं दाखवायची, लांबचं लहान काढायचं, काळोखासाठी बारीक रेषांचं जाळं ओढायचं. त्यातली बरीचशी तांब्यावर कोरलेली. यांगझोऊच्या कारागिराला ती लाकडी ठोकळ्यावर स्वच्छ एकेरी रेषेत उतरवायची होती, आणि हे करार त्याला कोणी सांगितलेले नव्हते. १७२० च्या दशकात छापलेल्या सरकारी महाकोशात हीच चित्रं पुन्हा कोरली गेली. नकलेची नक्कल झाली की गोंधळ वाढतोच.

वांगला मात्र या अडचणीची जाणीव होती आणि त्यावर त्याने काढलेला उपाय मला थक्क करतो. चित्रातल्या प्रत्येक भागावर त्याने खूण घातली आणि शेजारच्या मजकुरात त्या खुणेने तो भाग समजावला. खुणांसाठी त्याने रोमन अक्षरं वापरली. वीसच अक्षरं, प्रत्येकाचा आकार वेगळा, पाहताक्षणी लक्षात राहतात, असं त्याचं म्हणणं. याआधी १६२६ मध्ये निकोला त्रिगो या जेझुइटाच्या चिनी उच्चारकोशाच्या कामात वांगने हात लावला होता, त्यामुळे ती अक्षरं त्याच्या सवयीची झाली होती. पुढच्या काही छापील आवृत्त्यांत ती काढून चिनी अक्षरं घातली गेली.

आणि यंत्र कळल्याची साक्ष हवी असेल तर त्याच सुमाराचं वांगचं दुसरं छोटं पुस्तक आहे, त्याच्या स्वतःच्या यंत्रांचं. त्यात चाकांचं घड्याळ आहे, आपोआप चालणारी गाडी आहे, आणि दोन टोकांना विहिरीवरच्या रहाटासारखे दोर गुंडाळणारे रूळ बसवून नांगर ओढण्याची जोडणी आहे. बैल नसलेल्या घरासाठी.

प्रश्न : मग हे सगळं रुजलं का नाही? (अनेकांनी विचारलं आहे)

मला एकच कारण सांगणारी उत्तरं आवडत नाहीत, म्हणून जे घडलं ते सांगतो.

पुस्तक निघतानाच एका परिचिताने वांगला टोकलं होतं. तुझं उच्चारांचं काम विद्वानाला शोभणारं होतं, पण हे तर सुतार-लोहारांचं. सज्जन माणूस म्हणजे भांडं नव्हे, म्हणजे एकाच कामापुरतं साधन नव्हे, असं कन्फ्यूशियसचं वचन, त्याचा आधार घेऊन. वांगने प्रस्तावनेतच उत्तर छापलं : विद्या सूक्ष्म की ढोबळ हे पाहायचं नसतं, ती जगाच्या उपयोगी पडावी, माणूस चिनी की पश्चिमेचा हे पाहायचं नसतं, तो स्वर्गाच्या विरुद्ध जाऊ नये. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

श्रेक १६३० मध्ये बीजिंगमध्ये गेला. शेवटची वर्षं पंचांगाच्या कामात गेली. २१ जून १६२९ च्या सूर्यग्रहणाचं जेझुइटांचं गणित बरोबर निघालं, आणि शू ग्वांगचीच्या हाताखाली पंचांगसुधारणेचं कार्यालय उघडलं. दरबाराला पंचांग हवं होतं, मग तोफा हव्या झाल्या. पाद्र्यांची बुद्धी तिकडे लागली. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली. बंडखोर ली झिचेंगने शान्शी घेतल्यावर वांग झेंगने त्याची चाकरी नाकारली, अन्न टाकलं आणि सात दिवसांनी तो गेला.

पुस्तक मात्र टिकलं. अठराव्या शतकात सम्राटाच्या प्रचंड ग्रंथसंग्रहात ते घेतलं गेलं. तिथल्या परीक्षकांनी या विद्येबद्दलचे पाश्चात्यांचे दावे अवास्तव ठरवले आणि यंत्रांचं कसब मात्र प्राचीन-अर्वाचीन सगळ्यांच्या वरचढ म्हटलं. एवढं मान देऊन पुस्तक कपाटात गेलं. मला याचं वाईट वाटतं. जात्याची पंधरा चित्रं कपाटासाठी काढलेली नव्हती.

प्रश्न : चीनमध्ये वाफेवर चालणारी गाडी एका पाद्र्याने केली होती, हे खरं की थाप? (नववीतला मुलगा)

खरं, पण खेळण्याएवढी. फेर्दिनांद वेर्बिस्ट हा फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियममधला) जेझुइट, कांग्शी सम्राटाच्या पदरी होता. बीजिंगच्या वेधशाळेतली मोठी उपकरणं त्यानेच घडवून घेतली. अवजड दगड लुगोऊ पुलावरून न्यायचे होते तेव्हा त्याने कप्प्या आणि दोर गुंडाळणारे उभे रूळ लावून ते ओढवले.

गाडीचं वर्णन त्याने स्वतः केलं आहे. हलक्या लाकडाची, दोन फूट लांबीची, चार चाकांची. मध्ये निखाऱ्यांचं भांडं, त्यावर पाण्याचा बंद गोळा, त्याला बारीक तोंड. वाफेचा झोत त्या तोंडातून सुटून पात्यांच्या चाकावर आदळे, पाती फिरत आणि दातेरी चाकांनी ती गती आसाला मिळे. तासाभराहून अधिक वेळ ती पळायची. सरळ सोडली तर दालन संपायचं, म्हणून मागे एक वळवता येणारं चाक जोडून त्याने ती गोल फिरती ठेवली. हे वर्णन १६८७ मध्ये जर्मनीतल्या डिलिंगेनला लॅटिनमध्ये छापलं गेलं. पुढच्याच जानेवारीत वेर्बिस्ट बीजिंगमध्ये वारला.

तुला करून पाहायची असेल तर आधी वाफ वापरू नकोस. फुगा भर, त्याची हवा कागदी पात्यांवर सोड आणि पात्यांची गती आसापर्यंत कशी न्यायची त्याचं चित्र काढून मला पाठव. प्रत्येक भागावर खूण घाल.